स्वस्त घराच्या छताकडे आधी बघा

नमस्कार ताई,

माझं वय 33. नोकरी करतो. सात वर्षं पै-पै करून साठवलेली रक्कम घरात गुंतवावी असं मनात आहे. बँकेने जप्त केलेलं एक दुमजली घर लिलावात निघालंय. आजूबाजूच्या धडधाकट घरांपेक्षा त्याची राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली घेत नाहीत ती, एक तृतीयांशाने कमी आहे. दोन वर्षं ते बंद आहे. तासभर आत जाऊन बघू दिलं. वरच्या मजल्यावर छताचे पोपडे पडलेत, एका ठिकाणी सळई दिसते. जिन्याच्या वर भिंतीत तिरकी भेग आहे. बाथरूममधले नळ आणि बेसिन कुणीतरी काढून नेलंय, खालच्या मजल्यावर घाण वास येतो. मागच्या एका खोलीला मात्र नवा रंग आहे. ओळखीचा कंत्राटदार म्हणाला, "रंग आणि डागडुजी, शेजारच्या घरांच्या किमतीच्या आठ टक्क्यांत काम होईल." थोरला भाऊ म्हणतो, विचार करत बसलास तर घर हातचं जाईल. लिलावाला अठरा दिवस आहेत. दुरुस्त करून विकायचा बेत आहे. हे घर घ्यावं का? आणि घ्यायचं नसेल तर ते कशावरून ठरवायचं?

— पहिल्याच घराशी अडलेला

प्रिय वाचक,

आधी मागच्या खोलीच्या त्या नव्या रंगाबद्दल. दोन वर्षं कुणी न राहिलेल्या घरात, जिथे नळसुद्धा जागेवर उरले नाहीत, तिथे एकाच खोलीला रंग कुणी आणि का लावला असेल? कारण कधी कधी अगदी साधं असतं. आधीच्या कुटुंबाने ती खोली भाड्याने द्यायचा प्रयत्न केलेला असू शकतो. पण वीस वर्षं मी बांधकामाच्या साइटवर देखरेखीचं काम केलं, आणि पडीक घरातल्या एकट्या रंगवलेल्या भिंतीमागे बहुतेक वेळा मला ओल सापडली. पुन्हा जाल तेव्हा त्या भिंतीवर तळहात टेकवून बघा, शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते का. मग बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे.

जप्त घर आणि नुसतं जुनं घर यांत एक फरक आहे, तो आधी समजून घ्या. माणसाच्या हातात पैसा कमी पडू लागला की कर्जाचा हप्ता तो जमेल तितके दिवस भरत राहतो आणि आधी घराची डागडुजी थांबवतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षावर जातं, टाकीचा गळका जोड पुढच्या महिन्यावर. नंतर हप्ते थकतात, नोटिसा येतात, ताबा जातो, आणि लिलाव त्याच्याही पुढे कधीतरी होतो. तुम्हाला ते दोन वर्षं बंद असलेलं घर दिसतंय, पण त्याची आबाळ त्याच्या कितीतरी आधीपासून चालू असणार. तेवढ्या काळात पाण्याने जे करायचं ते करून ठेवलेलं असतं. म्हणून अशा घरात शिरताना मनात एकच प्रश्न धरायचा: पाणी कुठून आत येतंय आणि कुठपर्यंत पोचलंय?

पाण्याचा माग काढता येतो. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि भिंतीवर आडवी रेघ ठेवते. तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, दिसतो. ओल भिंतीच्या वरच्या भागात असेल तर छत, गच्ची किंवा वरच्या मजल्याचा पाइप बघायचा. एकात एक वर्तुळं पडलेला तपकिरी डाग म्हणजे ती जागा अनेकदा भिजली आणि अनेकदा वाळली. डाग हाताला कोरडा लागला म्हणून गळती बंद झाली असं समजू नका. घराला पाणीपुरवठाच तोडलेला असेल तर पाइप गळणार कुठून? आणि पाऊस झाल्याला महिने उलटले असतील तर छतही शहाण्यासारखं वागतं. जमलं तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. शेजाऱ्यांनाही भेटा. त्या घराची कुठली भिंत भिजते, गटार कधी तुंबतं, हे शेजारच्या घरात राहणाऱ्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं. फक्त घराबद्दल विचारा. तिथून बाहेर पडावं लागलेल्या माणसांची कर्जं आणि भांडणं तो विषय नाही.

आता सळई. तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, पण तुमचा सगळा व्यवहार त्या सळईवर टांगलेला आहे. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीटच्या आत तेवढी जागा नसते, म्हणून तो आतून रेटा देतो आणि खालचा थर फोडून पाडतो. पोपडा पडला त्या दिवसाच्या फार आधी आत गंज चढायला लागलेला असतो. चांगल्या काँक्रीटचा सामू (pH) 12 ते 13 असतो, आणि तशा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, वातावरणात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो तसा हा सामू उतरतो. तो 9 च्या आसपास आला की सळईवरचं संरक्षण जातं. मग ओल आणि हवा पुढचं काम करतात.

हे तपासायची पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. ताज्या फोडलेल्या टवक्यावर अभियंता फिनॉल्फ्थेलीन या रंग बदलणाऱ्या द्रावणाचे थेंब टाकतो. गुलाबी रंग आला तर तिथलं काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय, रंग आलाच नाही तर त्याने साथ सोडली आहे. टवका काढायला बँकेच्या अधिकाऱ्याची परवानगी लागेल, ती लेखी मागा. नुसता हातोड्यासारखा यंत्राचा ठोका देऊन आकडा सांगणाऱ्या चाचणीवर समाधान मानू नका. ती फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते. ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते मोजणारी चाचणी जोडीला घ्या. वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद, असा सर्वसाधारण दाखला आहे.

उघड्या सळईची जाडीही मोजायला सांगा. 10 मिलिमीटरची सळई गंजून 8 ची उरली असेल तर ऐकायला पाचवा भाग गेला असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्या छेदाचं क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी घटलेलं असतं, आणि ताकद त्या क्षेत्रफळाबरोबर जाते. अशा वेळी सैल झालेलं सगळं काँक्रीट काढायचं, सळई मागच्या बाजूनेही घासून लख्ख करायची, कमी पडेल तिथे नवी जोडायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने थर भरून घ्यायचा. तोवर खालून टेकू लावून ठेवावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे आणि "रंग आणि डागडुजी" या तीन शब्दांत ते कधीच बसत नाही. तुमच्या कंत्राटदाराच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण आठ टक्क्यांत तो बहुधा सळईवर सिमेंटचा हात फिरवून वर रंग देणार आहे. तसं छत पुढच्या दोन-तीन पावसांत पुन्हा सुटतं, आणि तोवर त्या छताखाली तुम्ही विकलेल्या घरातलं कुणाचंतरी मूल झोपत असतं. या एका कारणासाठी मी तुम्हाला परत परत सांगेन की संरचना अभियंत्याला पैसे देऊन आत न्या. त्याला दिलेली फी घर मिळालं नाही तरी वाया गेली असं म्हणू नका.

जिन्यावरच्या भेगेचं मला पत्रावरून सांगता येणार नाही, पण काय बघायचं ते सांगते. गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, त्या वाळण्याच्या असतात. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली सरळ उभी रेघही बहुतेक वेळा निरुपद्रवी, कारण दोन वेगळे पदार्थ वेगवेगळे फुगतात-आकसतात. बीमच्या तळाशी लांबीच्या दिशेने गेलेली भेग दिसली तर आतली सळई गंजते आहे असं धरा. तिरकी भेग, आणि त्यातही एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, म्हणजे घराचा एखादा कोपरा खचतोय का ते बघावं लागतं. ब्रिटनमध्ये इमारतींच्या अभ्यासातून वापरात आलेल्या वर्गवारीत 5 मिलिमीटरपर्यंतची भेग भरून काढण्याजोगी धरतात आणि 15 च्या पुढची गंभीर. पण रुंदीपेक्षा ती भेग अजून वाढते आहे का, हे जास्त महत्त्वाचं. टॉर्च मारून भेगेच्या आत बघा. आत जुना रंग, धूळ, कोळ्याचं जाळं असेल तर ती जुनी आहे आणि कदाचित थांबलेली. आतल्या कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ती ताजी. जवळचे दरवाजे अडतात का, चौकटीच्या वर तिरकी फट पडली आहे का, तेही बघा. मिस्त्री लोक पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरून पातळी काढतात. खालच्या मजल्यावर चारही कोपऱ्यांत ती नळी धरली की कोपरा खचलाय का ते दहा मिनिटांत कळतं.

आणि तो घाण वास, ज्याने तुम्ही घाबरला असाल, तो या सगळ्यात बहुधा सर्वांत स्वस्त निघेल. बेसिनच्या आणि मोरीच्या खाली पाइपला वाकण असतं, त्यात साठलेलं पाणी गटारातली हवा अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी उडून जातं आणि वास थेट घरात येतो. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. तासाभरात वास गेला तर विषय संपला. नाही गेला तर ड्रेनेजचा पाइप फुटलेला किंवा तुंबलेला असू शकतो, त्याचा खर्च वेगळा. नवख्या गुंतवणूकदाराची इथेच फसगत होते. वास, कचरा, फुटक्या काचा, गेलेले नळ या गोष्टी अंगावर येतात, पण आठवड्याभरात निस्तरता येतात. गंजलेली सळई आणि खचलेला पाया बिचारे गप्प असतात.

नळ गेलेत तर वायरही गेली असू शकते. बंद घरातली तांब्याची वायर चोर ओढून नेतात, आणि बटणं मात्र भिंतीवर तशीच राहतात. दोन-तीन बटणांचे बोर्ड उघडून आत वायर आहे का बघायला सांगा. वायर जुनी असेल तर सगळ्या घराची नव्याने धरा, आणि विजेची गळती 30 मिलिअँपिअरला पोचताच वीज तोडणारा संरक्षक स्विच त्यात असायलाच हवा. पाण्याच्या पाइपलाइनचा दाब तपासल्याशिवाय ती ठीक आहे असं हिशेबात धरू नका. बंद घरात नळजोडांचे रबरी वायसर वाळून तडकतात. कडाक्याच्या थंडीचा प्रदेश असेल तर आणखी एक धोका: पाणी गोठताना साधारण 9 टक्क्यांनी फुगतं आणि पाइप फोडतं. लाकडी चौकटीत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पेन्सिलएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर गेलेल्या दिसल्या की वाळवी आहे. जुन्या घरात ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू नका, भोकंही पाडू नका. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, आणि शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या दोन्हींचं काम जाणकार माणसाकडून करून घ्यायचं, आणि तो खर्च अंदाजात वेगळा लिहायचा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण तिथले नियम प्रत्येक ठिकाणी निराळे आणि ते काम वकिलाचं. लिलावातलं घर "जसं आहे, जिथे आहे" या अटीवर विकतात. नंतर काही निघालं तर बँकेकडे बोट दाखवता येत नाही. वकिलाला एवढं लेखी विचारा: घरावर दुसरा कुणाचा बोजा आहे का, कर आणि पाण्याची थकबाकी कुणी भरायची, कोर्टात काही दावा चालू आहे का, आधीच्या मालकाला पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्क कधीपर्यंत आहे, आणि बँकेकडे घराचा प्रत्यक्ष ताबा आहे की फक्त कागदावर. वरचा मजला परवानगीने बांधला आहे का, हेही त्यातच. विनापरवाना मजला असेल तर विकताना तुमच्या गिऱ्हाइकाला कर्ज मिळणं कठीण.

आता हिशेब. बहुतेक लोक तो खालून वर करतात, म्हणजे राखीव किंमत घेऊन त्यात दुरुस्ती मिळवतात आणि उरलं ते नफा म्हणतात. तुमच्या भावाने असंच केलं असणार: शेजारच्या घराची किंमत 100 मानली तर हे 67 ला, दुरुस्ती 8, म्हणजे 25 सुटले. हिशेब वरून खाली करायचा. दुरुस्तीनंतर घर खरंच कितीला जाईल तिथून सुरुवात करायची आणि एकेक खर्च वजा करत यायचं.

मात्र तो 100 चा आकडा कुठून आला? शेजारचे लोक जी किंमत सांगतात ती त्यांची इच्छा असते. तुम्हाला हवी आहे झालेल्या विक्रीची नोंदवलेली किंमत, तीही गेल्या सहा महिन्यांतली, त्याच गल्लीतली, साधारण तेवढ्याच आकाराच्या घराची. असे किमान तीन दाखले मिळवा. ते 93 निघाले तर खर्च वजा जाता उरणारा आकडा सातने खाली येईल. सध्या तुमच्यासाठी 100 धरते.

खरेदीवरचे कर, नोंदणी आणि वकील 6. विकताना दलाली आणि इतर 3. घर हातात असेल त्या प्रत्येक महिन्याला व्याज, कर, विमा, वीज आणि राखण मिळून 1, आणि ताबा घेण्यापासून विकून पैसे हातात येईपर्यंत नऊ महिने, म्हणजे 9. दुरुस्ती, छताचं काम धरून, 16. त्यावर अनपेक्षित निघेल त्यासाठी 5. बेरीज 39. शंभरातून 39 गेले, उरले 61. म्हणजे हे घर 61 ला मिळालं तर तुमच्या हाती काहीच पडत नाही, आणि 67 ला घेतलं तर 6 खिशातून जातात. एवढी जोखीम आणि वर्षाचे शनिवार-रविवार घालून किमान 12 तरी सुटायला हवेत असं धरलं, तर तुमच्या बोलीची मर्यादा 49. अमेरिकेत घरं दुरुस्त करून विकणारे लोक एक ढोबळ नियम वापरतात: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे 70 टक्के, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा. त्याने 54 येतात. पहिल्या घराला मी माझा कडक आकडाच धरेन.

तुम्ही म्हणाल, ताईंनी 16 आणि नऊ महिने हे मनाने घेतले. बरोबर आहे, छत मी पाहिलेलं नाही. म्हणून उलट टोकाचा हिशेबही करू. अभियंता म्हणाला की नुकसान एकाच खोलीपुरतं आहे. दुरुस्ती 10, अनपेक्षित खर्चासाठी 3, आणि काम-विक्री सगळं सहा महिन्यांत आटोपलं. 6, 3, 6, 10 आणि 3 मिळून 28. उरले 72, त्यातून नफ्याचे 12 गेले की मर्यादा 60. तरीही ही मर्यादा 67 या राखीव किमतीच्या खालीच येते आहे. सगळं मनासारखं झालं तरी 67 ला घेतलेल्या घरात तुम्हाला 5 सुटतील, आणि त्यातूनही नफ्यावरचा कर जाईल. सात वर्षांच्या बचतीला हा मोबदला पुरेसा नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: या राखीव किमतीला हे घर घेऊ नका.

दुरुस्तीच्या अंदाजावर मी तीस टक्के जास्त ठेवते त्याचंही कारण सांगते. डॅनियल कानेमन आणि एमस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की माणूस स्वतःच्या कामाचा वेळ आणि खर्च सवयीने कमी धरतो, पूर्वी तसंच काम रखडलेलं ठाऊक असूनही. अमेरिकेत 2002 साली स्वयंपाकघर नव्याने करून घेतलेल्या घरमालकांचं सर्वेक्षण झालं होतं. त्यांचा सरासरी खर्च त्यांच्याच सरासरी अंदाजाच्या दुपटीहून जास्त निघाला. आणि ती लोक राहत असलेली घरं होती, रोज उघडली-झाकली जाणारी. तुम्ही तासभर पाहिलेल्या बंद घराचा अंदाज त्याहून पक्का कसा असेल?

भावाच्या म्हणण्याबद्दल. त्यांना तुमची काळजी आहे, आणि घर जाईल ही भीती खोटी नाही. पण लिलावात जिंकणं म्हणजे काय ते एकदा शांतपणे त्यांच्याबरोबर बसून बोला. 1971 मध्ये अमेरिकेतल्या तेल उद्योगातले तीन अभियंते, कॅपन, क्लॅप आणि कॅम्बेल, यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास मांडला. जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा फार कमी परतावा मिळत होता. कारण साधं होतं. जमिनीखाली किती तेल आहे हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, प्रत्येकाचा आपापला अंदाज होता, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला तोच लिलाव जिंकत होता. त्यांचा सल्ला असा की बोली लावणारे जितके जास्त, तितकी आपली बोली खाली ठेवावी. तेलाच्या जागी छतातली सळई धरा. दहा जणांनी ते घर पाहिलं असेल, तर बोली तोच जिंकेल ज्याने त्या सळईकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं.

मग या अठरा दिवसांत काय करायचं? हे घर सोडलं तरी मी तुम्हाला हा अभ्यास पूर्ण करायला सांगेन, कारण राखीव किमतीला बोलीच आली नाही तर अनेक ठिकाणी बँक किंमत उतरवून पुन्हा लिलाव काढते. त्या वेळी तुमच्या हातात अहवाल तयार असेल आणि इतरांच्या हातात भीती किंवा घाई. आधी वकील, कारण कागदात खोट निघाली तर अभियंत्याची फी वाचते. मग विक्रीचे तीन दाखले. मग अभियंत्याला घेऊन दुसरी भेट. दोन कंत्राटदारांकडून अंदाज मागवा, तोही कामागणिक आणि मोजमापासकट: छताचे किती चौरस मीटर उघडायचे, किती खोल, टेकू किती दिवस. "एकूण एवढे" असं एकच रक्कम सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि बँकेला विचारा की जिंकल्यावर उरलेली रक्कम किती दिवसांत भरायची. लिलावात ही मुदत आखूड असते, नेहमीचं गृहकर्ज तेवढ्यात मंजूर होत नाही, आणि राहण्याजोगं नसलेल्या घराला कर्ज देणाऱ्या संस्थेचा मूल्यांकक नकारही देऊ शकतो. पैसे वेळेत भरले नाहीत तर अनामत रक्कम जप्त होते.

आणखी एक बघून ठेवा. घर विकलंच गेलं नाही तर त्याचं भाडं किती येईल? ते महिन्याच्या खर्चाला पुरत असेल तर तुमच्याजवळ मागचं दार आहे. तुमचा सगळा बेत विक्रीवर आहे, आणि बाजार थांबला तर नऊ महिन्यांचे अठरा व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या भेटीला जाल तेव्हा जिन्यावरच्या भेगेचा फोटो काढा, शेजारी मापाला एक नाणं ठेवून. परवानगी मिळाली तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण करून तारीख लिहा. लिलावाच्या आदल्या दिवशी पुन्हा आत जाता आलं तर तोच फोटो तिथूनच, तेवढ्याच अंतरावरून घ्या. दोन्ही फोटो आणि अभियंत्याचा अहवाल मला पाठवा. तेव्हा या 16 च्या जागी खरा आकडा घालून हिशेब पुन्हा मांडू.

— तुमची ताई